फांदीवर नांदणारे निवडुंग

निवडुंगाचे नाव निघताच मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंसमोर देशावरचा उजाड माळ, शेताच्या बांधावरची काटेरी वई आणि वैशाखवणव्यात तापलेला कातळ उभा राहावा, हे स्वाभाविकच आहे. कारण पिढ्यान्‌पिढ्या आपण ज्या दोन वनस्पतींना निवडुंग म्हणत आलो, त्या दोन्ही कोरड्या मुलखाच्याच रहिवासी होत. त्यांपैकी त्रिधारी निवडुंग हा वस्तुतः शेराचा भाऊबंद, म्हणजे एरंडाच्या कुळातला. आणि फड्या निवडुंग हा जातिवंत निवडुंग खरा, परंतु तोही अमेरिकेतून येऊन येथे वहिवाटदार बनलेला. या निवडुंग कुळाच्या सुमारे दीड हजारांवर जाती वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी दाखल असून, त्यांतील शंभराहून अधिक जाती अशा आहेत की ज्यांचा वाळवंटाशी यत्किंचितही संबंध नाही. दाट, ओल्या, धुक्याने वेढलेल्या अरण्यात, जमिनीपासून पुष्कळ उंचीवर, वृक्षांच्या फांद्यांवर त्या रुजतात, तेथेच फुलतात, फळतात आणि बहुधा मातीचा स्पर्शही न होता आपले आयुष्य पुरे करतात. त्यांच्या लोंबत्या, जवळजवळ बिनकाट्यांच्या हिरव्यागार शाखा घराच्या ओसरीत किंवा शहरातल्या गॅलरीत फार शोभून दिसतात. त्यांच्या संगोपनासंबंधी जे जे सांगण्याजोगे आहे, ते सर्व त्या एका फांदीच्या निरीक्षणातूनच निष्पन्न होते, असे माझे निश्चित मत असल्यामुळे प्रथम आपण त्या फांदीकडेच जाऊ.

ब्राझील देशाच्या आग्नेय किनाऱ्याला समांतर अशी एक पर्वतराजी आहे, आणि आपल्या सह्याद्रीप्रमाणेच तीही समुद्रावरून येणारे बाष्प अडवून धरते. रिओ द जानेरो शहराच्या उत्तरेस या पर्वतराजीला सेरा दोस ऑर्गाओस असे नाव असून, १,६९२ मीटर उंचीचा ‘देदो दे देउस’ हा सरळसोट सुळका तिचे जगप्रसिद्ध शिखर होय; १९३९ साली हा मुलूख राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षित झाला. येथल्या अरण्यात पाऊस उदंड पडतो, आणि जेव्हा पाऊस नसतो तेव्हाही दरीतून वर चढणारे धुके झाडांची पाने भिजवीत राहते. परंतु फांदीवर बसलेल्या वनस्पतीच्या दृष्टीने पाहू गेल्यास हे सुबत्तेचे चित्र एकाएकी पालटते. पावसाची सर आली की साल चिंब होते खरी, पण पाणी तेथे साचून राहत नाही. ते खोडावरून ओघळून खाली जाते, आणि ढग सरून तासभर ऊन-वारा लागला की तीच साल कोरडी ठणठणीत पडते. फांदीच्या बेचक्यात शेवाळ, कुजलेली पाने, सालीचा भुगा आणि पाखरांची विष्ठा यांचा जो मूठभर साठा जमलेला असतो, तेवढीच काय ती या वनस्पतीची जमीन. वर्षाकाठी शेकडो सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या अरण्याच्या ऐन मध्यावर, फांदीफांदीवर, अशी घटका-दोन घटकांची लहान लहान वाळवंटे पसरलेली असतात. आणि निवडुंगाच्या वंशाने तेथे बिऱ्हाड करावे यात मग नवल उरत नाही.

या दुहेरी परिस्थितीची खूण त्यांच्या सर्वांगावर उमटलेली आहे. ज्याला आपण सहज पान म्हणतो ते पान नसून चपटे झालेले खोडच होय. पाने या वंशाने केव्हाच टाकून दिली आणि अन्न तयार करण्याचा सगळा कारभार हिरव्या खोडाकडे सोपवला. अरण्याच्या छायेत ऊन कमी, म्हणून खोड चपटे होऊन त्याने प्रकाश झेलण्यास अधिक पृष्ठभाग मिळवला. चरणाऱ्या जनावरांचे तोंड तेथवर पोहोचत नाही, म्हणून काट्यांची निकड उरली नाही आणि त्यांच्या जागी क्वचित एखादा केस किंवा लोकरीचा बारीक पुंजका शिल्लक राहिला. मात्र दुष्काळाची बेगमी करण्याची कुलपरंपरा या वंशाने सोडली नाही. खोडात पाणी साठवले जाते; आणि दिवसा रंध्रे उघडली तर ते पाणी उडून जाईल म्हणून ही झाडे रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडतात, हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेऊन त्याचे मॅलिक आम्ल करून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी रंध्रे मिटून, त्या शिलकीतून सूर्यप्रकाशाच्या साह्याने शर्करा तयार करतात. मुळे बारीक, उथळ आणि हवेला सवकलेली. चोहोकडून पाण्याने कोंडून घातलेल्या चिकट मातीत ती काही दिवसांतच गुदमरतात. कुंडीतल्या बहुसंख्य अपयशांचे मूळ या एका वाक्यात आहे, आणि पुढे कुंडीची तजवीज सांगताना मला त्याच्याकडे परत यावे लागेल.

या झाडांपैकी काहींची युरोपला ओळख झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. लंडनच्या एड्रियन हॉवर्थ याने १८१९ साली त्यांतील एका जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. चपट्या खोडाचे पेरे एकापुढे एक जोडलेले, प्रत्येक पेऱ्याच्या कडेला टोकदार दात आणि शेवटच्या पेऱ्याच्या टोकाला झगझगीत गुलाबी फूल, अशी ती जात आज श्लुम्बर्गेरा ट्रंकाटा या नावाने ओळखली जाते. पुढे १८३७ मध्ये जॉर्ज गार्डनर नावाचा तरुण स्कॉटिश वनस्पतिसंशोधक त्या ऑर्गाओस पर्वतात हिंडत असता त्याला तिचीच एक भगिनी आढळली. त्याचे गुरू विल्यम हूकर यांनी १८३९ साली तिला, गार्डनरच्या प्रवासास साह्य करणाऱ्या बेडफर्डच्या ड्यूकच्या रसेल घराण्याचे नाव दिले. या दोन भगिनींचा संकर इंग्लंडातल्या बक्ली नावाच्या माळ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घडवून आणला, आणि नाताळच्या सुमारास फुलणारे ते संकरित झाड युरोपातील घराघरांत जाऊन बसले. दोन्हींतील फरक ओळखण्याची खूण सोपी आहे: पेऱ्याच्या कडेला अणकुचीदार दात आणि फुलात पिवळे पराग असतील तर झाड ट्रंकाटाच्या घराण्यातले, कडा गोलसर, फूल सरळ खाली लोंबणारे आणि पराग गुलाबी असतील तर ते बक्लीच्या संकराचे. आपल्याकडील रोपवाटिकांत हिवाळ्यात जी विक्रीस येतात, ती बहुतेक पहिल्या घराण्यातली असतात.

गार्डनरची हकीकत येथेच संपत नाही, आणि तिचा उत्तरार्ध मला विशेष मनोवेधक वाटतो. १८४४ साली त्याची नेमणूक श्रीलंकेतील पेराडेनिया येथील वनस्पतिउद्यानाच्या अधीक्षकपदी झाली. १८४९ मध्ये तेथील डोंगराळ भागात त्याचे अकाली निधन होईपर्यंत तो त्या बेटाच्या वनश्रीचा अभ्यास करीत होता. ब्राझीलच्या वृक्षांवर निवडुंग शोधणाऱ्या या माणसाच्या नशिबी पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला असा एक प्रदेश आला की, जेथे अमेरिकेबाहेर मूळचा मानला जाणारा एकमेव निवडुंग झाडांवरून लोंबताना दिसतो. त्याचे नाव रिप्सॅलिस बॅक्सिफेरा. त्याची खोडे चपटी नसून गोल, सुतळीएवढ्या जाडीची आणि फिकट हिरवी असतात. टोकाशी दोन-चार फाटे फुटत फुटत ती मीटर-दोन मीटर सहज खाली उतरतात. खोडाच्या अंगावर ठिकठिकाणी सेंटिमीटरभरही न भरणारी पांढुरकी फुले येतात, आणि त्यांच्यामागून भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पांढरी, पारदर्शक फळे धरतात. ही रूपरेषा निवडुंगाच्या रूढ कल्पनेपासून इतकी दूर आहे की, अठराव्या शतकात तिला प्रथम नाव देणाऱ्या अभ्यासकाने ती कॅसिथा नावाच्या, आपल्या कोकणकिनाऱ्यावरही झुडपांवर पसरणाऱ्या, पर्णहीन परोपजीवी वेलीच्या वंशात घातली होती. १७८८ साली योसेफ गर्टनर या जर्मन पंडिताने रिप्सॅलिस हा स्वतंत्र वंश स्थापन केला.

हा एकटा निवडुंग आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंका येथवर कसा पोहोचला, या प्रश्नाने विद्वानांना दीर्घकाळ छळले आहे. खंड एकत्र होते तेव्हापासून तो दोन्हीकडे असेल म्हणावे, तर दक्षिण अटलांटिक महासागर दुभंगून सुमारे दहा कोटी वर्षे लोटली आणि निवडुंग कुळाचे वय त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास मानले जाते. तेव्हा उरतात दोन मार्ग: पाखरांचा आणि गलबतांचा. काहींच्या मते जुन्या दर्यावर्दींनी ही झाडे शोभेसाठी जहाजावरून नेली असावीत. परंतु मादागास्करात या झाडाचे खोडभर राठ केस असलेले जे वेगळे रूप आढळते, ते पाहता एवढा बदल घडण्यास चार-दोन शतके पुरी पडतील असे मला वाटत नाही, आणि माझा कौल पाखरांकडे आहे. फळातला गर चिकट असतो; तो चोचीला, पिसांना चिकटतो, पोटातूनही बिया धडपणे बाहेर पडतात. आंब्यावर बांडगूळ कसे पसरते हे ज्याने पाहिले आहे, फुलटोच्यासारखा इवलासा पक्षी चिकट बी फांदीवर कसा घासून टाकतो याकडे ज्याचे लक्ष गेले आहे, त्याला ही क्रिया निराळी समजावून सांगावयास नको. भेद एवढाच की बांडगूळ यजमान वृक्षाच्या अंगात मुळे घुसवून त्याचा रस शोषते. रिप्सॅलिस फांदीवर केवळ आसरा घेतो, वृक्षाचे काहीएक घेत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. या वृक्षवासी निवडुंगांपैकी एकाला तर मराठी कुटुंबाने केव्हाच घरचे मानून घेतले आहे. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणून पूजतो, तो मेक्सिको आणि ग्वाटेमाला या प्रदेशांतला एपिफायलम ऑक्सिपेटलम नावाचा निवडुंगच होय. हिमालयातील त्याच नावाची वनस्पती अगदी निराळ्या कुळातली. पावसाळ्याच्या रात्री आठ-नऊच्या सुमारास कळीची बाह्यदले मागे वळू लागतात, मध्यरात्रीच्या आसपास पांढरे शुभ्र फूल पूर्ण उमलते आणि पहाटे मान टाकते. त्याचा सुगंध आणि शुभ्र रंग ही मूळ देशातील निशाचर पतंगांना दिलेली निमंत्रणे आहेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून, निरांजन ओवाळून ज्या घरी हा सोहळा होतो, त्या घरी लोंबत्या निवडुंगांच्या संगोपनाचा निम्मा अनुभव आधीच जमा आहे, असे समजण्यास हरकत नाही. कारण त्याची आणि श्लुम्बर्गेरा-रिप्सॅलिस यांची गरज बव्हंशी एकच आहे.

पहिला मामला कुंडीचा. मातीची कल्पना येथे जवळजवळ सोडूनच द्यावी. नारळाच्या सोडणाचे बोराएवढे तुकडे दोन भाग, चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत एक भाग, आणि विटांचे बारीक रोडे व लोणारी कोळशाचे तुकडे मिळून एक भाग, हे मिश्रण मला सर्वांत भरवशाचे वाटते. सोडणाचे तुकडे आधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी वरचेवर बदलावे, म्हणजे त्यांतील क्षार आणि तांबूस अर्क निघून जातो. मिश्रण हातात घेऊन मूठ घट्ट आवळावी: चार थेंब गळून मूठ उघडताच ते मोकळे झाले पाहिजे, गोळा तसाच राहिला तर त्यात रोडे वाढवावेत. कुंडी उथळ आणि मुळांच्या मानाने लहानच असावी, कारण मोठ्या कुंडीतली न वापरलेली ओल कुजते. परंतु लोंबत्या झाडांना कुंडीहून शोभते ते शिंके. पूर्वी ज्यात दुधा-दह्याची मडकी टांगत, तसे सुंभाचे शिंके विणून त्यात अर्धे सोडण किंवा तळाला भोके पाडलेले गाडगे बसवले, तर भोवती हवा खेळती राहते, शाखांना उतरण्यास वाव मिळतो आणि जुनी वस्तूही पुन्हा वापरात येते. कोकणात किंवा गोव्यात ज्यांच्या परसात आंबा-फणसाचे झाड आहे, त्यांनी तर एखादा तुकडा शेवाळासह काथ्याने थेट खोडावर बांधून पाहावा. आमरीची झाडे जशी बांधतात तशीच ही बांधता येतात, आणि एका पावसाळ्यात मुळे सालीला धरतात.

पाणी देताना फांदीचा क्रम डोळ्यांपुढे ठेवावा: भरपूर भिजवावे, सगळे निथळू द्यावे, आणि वरचा बोटभर थर सुकत आला की पुन्हा द्यावे. ठरावीक वारी ठरावीक पेलाभर, हा हिशेब या झाडांना लागू पडत नाही. तहानलेल्या झाडाचे पेरे पातळ होऊन त्यांवर सुरकुत्या पडतात. परंतु मुळे कुजली असतानाही नेमक्या तशाच सुरकुत्या पडतात, म्हणून सुरकुती दिसताच पाणी ओतण्यापूर्वी मिश्रणात बोट घालून पाहावे, आणि आत ओल असेल तर झाड उपसून मुळे तपासावीत. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने मिश्रणावर पांढरा थर धरतो आणि वाढ खुंटते. पागोळ्यांचे पाणी साठवून ठेवता आले तर त्यासारखे दुसरे नाही. आषाढाच्या झडीत कुंड्या वळचणीखाली घ्याव्यात: पाऊस या झाडांचा शत्रू नव्हे, पण आठ-आठ दिवस न निथळणारी ओल मात्र आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात संकट याच्या उलट असते. तेथे चैत्रापासून मृगापर्यंत झाडे उत्तरेकडील पडवीत, वाळ्याच्या पडद्याआड ठेवावीत आणि सायंकाळी शाखांवर पाणी शिंपडावे. रात्री रंध्रे उघडणाऱ्या झाडाला त्या वेळचा गारवा फार मानवतो.

प्रकाश भरपूर असावा, परंतु तो पाझरून आलेला. कोवळे सकाळचे ऊन चालते, दुपारचे लागले की खोडे तांबूस होऊन करपतात. खरी नजाकत आहे ती श्लुम्बर्गेराला कळ्या धरविण्यात. हे झाड दिवसाच्या लांबीवर ऋतू ओळखते, किंबहुना रात्रीच्या लांबीवर म्हणणे अधिक यथार्थ होईल. रात्र बारा तासांहून मोठी होऊ लागली आणि तापमान पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान राहिले, की शेंड्याच्या पेऱ्यांवर कळ्यांचे सूक्ष्म गुलाबी ठिपके दिसू लागतात. म्हणूनच दक्षिण गोलार्धातल्या ब्राझीलमध्ये हेच झाड मे महिन्याच्या सुमारास फुलते, आणि लोक त्याला मे महिन्याचे फूल म्हणूनच ओळखतात. आपल्याकडे सप्टेंबरच्या अखेरीस रात्र दिवसाला मागे टाकते. पुणे, नाशिक, महाबळेश्वर या गार हवेच्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत फुले मिळणे त्यामुळे अवघड नाही. मुंबईत आणि किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या उबदार रात्री आड येतात, तेव्हा घरातली सर्वांत गार, वाऱ्याची जागा शोधावी लागते.

या काळात आणखी एक अडथळा उद्‌भवतो, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दिवाणखान्यात मध्यरात्रीपर्यंत दिवा जळत असेल, किंवा गॅलरीसमोरच रस्त्यावरचा दिवा असेल, तर झाडाच्या लेखी रात्र होतच नाही. पेरे वाढत राहतात, कळी मात्र धरत नाही. अशा वेळी नवरात्रापासून सहा आठवडे झाड वापरात नसलेल्या खोलीत, संध्याकाळी सहापासून सकाळपर्यंत गडद अंधारात ठेवावे, खत बंद करावे आणि पाणी थोडे कमी करावे. कळ्या दाण्याएवढ्या झाल्या की झाडाची दिशा बदलू नये, कुंडी फिरवू नये. प्रकाशाची बाजू एकाएकी पालटली, मिश्रण फार सुकले किंवा गरम हवेचा झोत लागला तर कळ्या सांध्यापासून निखळून पडतात. रिप्सॅलिसला हा खटाटोप लागत नाही.

नवे झाड करणे फार सोपे. पावसाचा जोर ओसरला की दोन-तीन पेऱ्यांचा तुकडा सांध्याशी पिळून काढावा, दोन-तीन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी आणि ओलसर मिश्रणात पेराभर रोवावा; तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. गोल खोडांच्या जातींचे पाच-सहा तुकडे एकत्र लावले तर शिंके लवकर भरते. किडींपैकी पिठ्या ढेकूण हा मुख्य वैरी: सांध्यांच्या खाचांत तो कापसाचे कण लागल्यासारखा दिसतो, आणि गुंतागुंतीच्या लोंबत्या शाखांत फार उशिरा नजरेस पडतो, म्हणून पंधरवड्यातून एकदा शाखा हाताने उचलून आतली बाजू पाहावी. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने तो टिपून काढावा, मागाहून निंबोळी अर्काचा फवारा द्यावा.

ज्याला धीर आहे, त्याने मात्र एकदा तरी रिप्सॅलिस बियांपासून वाढवून पाहावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. या झाडाला फळे धरण्यासाठी दुसऱ्या झाडाची किंवा पाखरांची गरज लागत नाही. गॅलरीत एकटे टांगलेले झाडही फळांनी भरून जाते. पिकलेले फळ बोटांत चिरडले की चिकट गरात बारीक काळ्या बिया दिसतात. त्या धुऊन, ओल्या बारीक मिश्रणावर नुसत्या पसराव्यात, वर माती घालू नये, कारण त्यांना रुजण्यास उजेड लागतो. काचेचे झाकण ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके वर येतात, आणि मग काही महिन्यांनी जे दिसते ते पाहण्यासाठी हाताशी भिंग असलेले बरे. कोवळा देठ गोल नसून धारदार कंगोऱ्यांचा असतो आणि त्या कंगोऱ्यांवर पांढऱ्या राठ केसांचे झुपके दाटलेले असतात. अरण्यात शिरण्यापूर्वी या वंशाचे पूर्वज ज्या काटेरी, कंगोरेदार रूपात वावरत होते, तेच हे रूप. पुढे नवी फूट येऊ लागते तसतसे प्रत्येक नव्या खोडावरचे कंगोरे पुसट होतात, केस विरळ होतात, आणि झाड वळचणीखाली उतरू लागते तेव्हा गुळगुळीत गोल खोडांच्या त्या गर्दीत बुडाशी, मिश्रणाला लागून, तो पहिला केसाळ देठ तेवढा ओळखू येतो.